उशीर चार तास, पोच बाकी

पिंकीनं मुंबईहून आईबापाला विमानाची दोन तिकिटं पाठवली, तेव्हा विजयमालाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खिडकी हाय का?" जोतीराम शिंगटेंनी विचारलं, "उशीर झाला तर काय?"

दोन्ही प्रश्न ज्याच्या त्याच्या परीनं रास्तच होते. जोतीरामांनी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात बत्तीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली होती. सकाळी भोंगा झाला की फाटकाशी टेबल टाकून बसायचं आणि कोण किती मिनिटं उशिरा आला ते हजेरीत मांडायचं, हे त्यांचं काम. त्या टेबलावरून त्यांनी माणसाचा उशीर आतून-बाहेरून पाहिला होता. कुणाला सासू आजारी पडली म्हणून उशीर, कुणाला तीच सासू बरी झाली म्हणून उशीर. पण ज्यानं उशीर केला त्यानंच समोरच्याला खायला घालायचं, असं काही जगात असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते कळलं पिंकीमुळं. "पप्पा, काळजी कशाला करता, प्रवाशांचे हक्क सगळे नेटवर असतात," असं ती फोनवर बोलून गेली. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जोतीराम सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे. चौदा पानं छापून, पिना मारून घरी आले आणि तांबडी पेन्सिल घेऊन गॅलरीत बसले.

पहिल्या पानाला त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. चौथ्या पानाला त्यांनी चष्मा काढून पुसला. सहाव्या पानाला शेजारच्या गॅलरीकडं तोंड करून हाक मारली, "स्वामी, या इकडं. बसा. काही बोलू नका, नुसतं ऐका."

चन्नवीर स्वामी जन्मात एकदा विमानात बसले होते, काशीला जाताना. तेव्हापासून गल्लीतल्या हवाई विषयांवर शेवटचा शब्द त्यांचा. ते आले, बसले.

"दोन तासांवर उशीर झाला की खाणंपिणं कंपनीनं द्यायचं," जोतीराम वाचायला लागले, आवाज पोथी लावल्यासारखा. "सहा तासांवर गेला की दुसऱ्या विमानात जागा, नाहीतर तिकिटाचे पैसे परत. निवड प्रवाशाची. ऐकताय ना? निवड प्रवाशाची. न सांगता ऐनवेळी रद्दच केलं, तर वर भरपाई. फक्त कारण कंपनीच्या हातातलं पाहिजे. धुकं, वादळ असलं काही असेल तर भरपाई नाही."

"लेखी आहे?"

"छापील आहे."

स्वामींनी पानावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "मी काशीला गेलो तेव्हा विमान तीन तास लेट होतं साहेब. मी घरनं नेलेले धपाटे खाल्ले." त्यांनी चौदा पानं उचलून हातावर तोलली. "माझ्या हक्काचं खाणं होतं की तिथं कुठंतरी."

एवढी मोठी गोष्ट आपल्या आयुष्याशेजारून गेली आणि आपण धपाटे खात होतो, हा विचार माणसाला हलवून सोडणाराच आहे.

"आता सांगूलालो ते ध्यानात ठेवा," स्वामी उठता उठता म्हणाले. "तोंडी काय बोलू नका. कारण लेखी मागा, अर्ज दोन प्रतीत द्या, आणि पोच घ्या. पोच नसली की अर्ज म्हणजे पुडीचा कागद."

हे जोतीरामांना सांगायची गरज नव्हती. आपला कागद समोरच्याला मिळाला, अशी त्याची सही आणि तारीख म्हणजे पोच. पोच घेतल्याशिवाय त्यांनी आजवर नळाची तक्रारसुद्धा केली नव्हती. लग्नाला होकार कळवणारं त्यांचं पत्र करकंबला गेलं तेही पोचपावतीच्या रजिस्टरनं. ती पावती अजून ट्रंकेत आहे. विजयमालाबाईंनी ती आत्तापर्यंत दोनदा फाडायला काढली होती.

आता चौदा पानं पाठ झाल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच झालं. दहाव्या दिवशी जोतीराम दात घासता घासता म्हणाले, "वेळेवर सुटलं तर सगळं फुकट जाईल."

"काय सुटलं तर?"

"विमान."

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात कुठल्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि कुठल्याला चहा, हे त्यांना कळत होतं.

त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. त्यांचं माहेर करकंब. कुर्डुवाडीला होत्या तोवर हाकेच्या अंतरावर, आता सोलापुरातनंही काही लांब नाही. पण माहेर त्यांनी कधी डोळाभर पाहिलंच नव्हतं. "उंबऱ्यात पाय ठिवायच्या आत हे परतीची गाडी सांगत्यात," त्या रुद्राणीला, म्हणजे स्वामींच्या बायकोला, सांगायच्या. "चहाला बारा मिनिटं, जेवणाला पस्तीस. आई बोलायला लागली की हे मनगट बघणार. आई गेली, पण तिचं एक वाक्य सबंध ऐकल्याचं मला आठवत न्हाई. मला माझं गाव एकदा निवांत बघायचंय. खालनं न्हाई तर वरनं."

जोतीरामांनी हे ऐकलं होतं. त्यांनी पिंकीच्या शाळेतला जुना नकाशा काढला, सोलापूर ते मुंबई फूटपट्टी ठेवली आणि रेघ मारली. करकंब रेघेच्या डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढं खाली आलं. "डावीकडची खिडकी. सुटल्यापासून बारा मिनिटांनी," त्यांनी जाहीर केलं. "अर्धं मिनिट दिसेल."

"अर्धं तर अर्धं," विजयमालाबाई म्हणाल्या. "पण त्या अर्ध्या मिनिटात तुमी घड्याळ बघायचं न्हाई."

स्वामींचं म्हणणं पडलं की विमान फूटपट्टीवरनं जात नसतं, ते आधी अक्कलकोटावरनं वळसा घेतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

करकंबला धाकटा भाऊ उदयसिंह. त्याचा फोन आला. "आक्का, वरनं समदी रानं सारकीच दिसत्यात म्हणं. आपलं वळखायचं कसं?" मग बहीणभावांचं ठरलं. ओढ्याकडच्या नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात सहा सोलापुरी चादरी अंथरायच्या, तांबड्या-पांढऱ्या. ह्या चादरीही आक्कानंच वर्षानुवर्षं नेलेल्या. सोलापुरातनं माहेरी जाताना बाई दुसरं काय नेणार?

*

विमान बारा पन्नासचं. जोतीराम साडेनऊला विमानतळावर हजर होते. पोचवायला स्वामी, रुद्राणी आणि गल्लीतली आणखी सात माणसं, एका टेम्पोत. दही हातावर घालून झालं, नारळ फुटला, आणि दारातल्या बंदूकवाल्या जवानानं फक्त तिकीटवाल्या दोघांना आत घेतलं. बाकीचे नऊ जण काचेला कपाळं लावून बाहेर उभे राहिले.

आत शिरल्यावर दोघं दारातच थबकले. फरशीत दिव्यांची प्रतिबिंबं, गारवा, आणि कुणीही ओरडत नाही. रेल्वेत हयात गेलेल्या माणसाला त्या शांततेचा पहिल्यांदा संशयच आला. मग त्यांनी समोरच्या काचेतनं पाहिलं. पलीकडं धावपट्टी, लांबच्या लांब, ऊन पिऊन पडलेली, आणि तिच्यावर काहीच नाही. रूळ नाहीत, सिग्नल नाही, खांब नाही. "हिला बांधून काहीच ठेवलेलं नाही," जोतीराम पुटपुटले. "सुटायचं म्हणजे सुटायचंच."

विजयमालाबाईंनी मान डोलावली. त्यांनी पदर डोक्यावरनं घेतला होता, देवळात घेतात तसा.

बारा वीसला सूचना झाली. मुंबईहून येणारं विमान ऑपरेशनल कारणामुळं उशिरा येत आहे. नवी वेळ दोन पन्नास.

खरोखरच झालं. त्यांनी घड्याळ काढलं, चौदा पानं मांडीवर घेतली, आणि वर्कशॉपच्या फाटकाशी बसायचे तसे ताठ बसले.

विजयमालाबाईंनी काचेशी जाऊन खाणाखुणांनी बाहेर कळवलं. ते नीट पोचेना, म्हणून फोन केला. "ऑपरेशन हाय म्हणत्यात, दोन तास लागत्याल." एवढंच बोलल्या. बाहेर रुद्राणीनं ते स्वामींना सांगितलं, स्वामींनी बाकीच्यांना समजावून सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत गल्लीच्या व्हॉट्सॲपवर बातमी होती की वैमानिकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू आहे. रुद्राणीनं सिद्धेश्वराला नारळ बोलला. "बिचाऱ्याला शुद्ध आली की लगेच चालवायला लावू नका म्हणावं," असा निरोपही तिनं आत पाठवला.

करकंबला फोन करणं जास्त अवघड गेलं. उदयसिंह बारापासनं रानात उभा होता.

"आक्का, चादरी टाकल्यात. कुटवर आलासा?"

"अजून जमिनीवरच हाय की रं. दोन तास उशीर हाय."

"असू दे. हितं सावली धरून बसतो. पर आक्का, सांजच्याला साडेपाचच्या म्होरं रानात काय दिसायचं न्हाई बग. थंडीचं दिवस हायती."

विजयमालाबाईंनी फोन ठेवला आणि काचेबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. तेव्हापासून त्या ऊन मोजत बसल्या, आणि शेजारी नवरा मिनिटं मोजत बसला. एकच उशीर, पण एकीला तो संपायला हवा होता आणि दुसऱ्याला पुरेसा व्हायला.

बरोबर दोन पन्नासला जोतीराम काउंटरसमोर उभे राहिले. काउंटरवर उर्वी नावाची मुलगी होती, नेमणूक होऊन दोन महिने झालेली. कंपनीची माणसं आधीच ट्रॉलीवरनं सँडविच आणि सरबताच्या डब्या घेऊन निघाली होती. जोतीरामांना हे अनपेक्षित होतं. हक्क मागायच्या आधीच मिळाला तर तो हक्क राहतो का, ह्याबद्दल चौदा पानांत काही नव्हतं.

"दोन सर," उर्वी डब्या पुढं करत म्हणाली.

"अकरा," जोतीराम म्हणाले.

"सर, तिकिटं दोन आहेत."

"प्रवासी दोन. पोचवायला आलेले नऊ. ते बघा." काचेपलीकडनं नऊ जणांनी हात हलवले. "तुमच्या उशिरामुळं ते पण उशिरा घरी जाणार. त्यांच्यात एक मधुमेहाचा पेशंट आहे."

उर्वीनं नम्रपणे सांगितलं की नियम प्रवाशांपुरता आहे. जोतीरामांनी पान सातवरची तांबडी रेघ दाखवली. रेघ खरोखर 'प्रवाशांना' ह्या शब्दाखाली होती. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि ते दुसऱ्या मुद्द्यावर आले, म्हणजे अर्जावर. उशिराचं कारण लेखी द्यावं, कारण हातातलं की हाताबाहेरचं ते स्पष्ट करावं, आणि प्रत मिळाल्याची पोच द्यावी.

"सर, तुम्ही मेल करा. लगेच ऑटोमॅटिक उत्तर येतं."

"यंत्राची पोच चालत नाही. माणसाची पाहिजे. सही, तारीख, वेळ."

"मला अधिकार नाही सर. आणि आमच्याकडं आवकचा शिक्का नसतो."

"मग काय असतं?"

मुलगी खरंच भली होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि बॅगांना लावायची पट्टी छापून अर्जाच्या कोपऱ्यावर चिकटवली. त्यावर सोलापूर होतं, मुंबई होतं, तारीख आणि वेळही होती. "हे चालेल?"

जोतीरामांनी पट्टी नखानं सोलून काढली. "मी सामान नाही," ते म्हणाले. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाचाही अर्ज पोच दिल्याशिवाय ठेवून घेतला नव्हता. रजेचा असो, भांडणाचा असो, एकदा तर त्यांच्याच विरुद्धचा होता. तो त्यांनी स्वतः आवक केला होता, दहा वाजून चार मिनिटांनी.

काचेपाशी एक चक्कर मारून ते परतले तेव्हा बाकावर वेगळंच चाललं होतं. सँडविच बघून विजयमालाबाईंना बाकीच्या प्रवाशांची दया आली होती. त्यांनी पिंकीसाठी नेलेला डबा उघडला होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. हैदराबादी पेन्शनर, एक औषधकंपनीचा माणूस, ट्रॉली ढकलणारे दोघे, सगळे भाकरी मोडत बसलेले. आणि तेवढ्यात काउंटर सोडून आलेली उर्वीसुद्धा, हातावर चटणी घेऊन.

"सकाळपास्नं पोरीनं काय खाल्लं न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या. "तुमी तिच्याशी भांडत बसला, म्हणून तिला डबा उघडाय जमना."

जोतीराम उभेच राहिले. कंपनीनं प्रवाशांना अल्पोपहार द्यायचा, तिथं प्रवाशांनीच कंपनीला अल्पोपहार दिला होता, तोही नियम लागू झाल्यापासून पंचवीस मिनिटांच्या आत. त्यांची सगळी केस चटणीत बुडाली होती.

*

नवी वेळ चार झाली. मग चार वाजता कुणी काही बोललंच नाही.

बाहेरनं स्वामींचा फोन आला. "साहेब, सांगूलालो ते ऐका. आता सहा पन्नास होऊ द्या. सहा तास झाले की कंपनी तुमच्यासमोर हात जोडून उभी. निवड तुमची."

जोतीरामांच्या डोळ्यांपुढं पान आठ आलं. सहा तास. निवड प्रवाशाची. त्यांनी शेजारी पाहिलं. विजयमालाबाईंची नजर फरशीवर होती. काचेतनं आत आलेला उन्हाचा पट्टा मघाशी त्यांच्या पायाशी होता, आता भिंतीवर चढला होता.

करकंबचा फोन पुन्हा वाजला. "आक्का, निगालं का? हितं आता माणसं लई जमल्यात. इमान येणार हाय म्हणल्यावर ज्यो त्यो रानात. दाजी काय करत्यात?"

"पोच मागत्यात."

"पोच म्हंजी?"

"अर्ज मिळाला म्हणून लिहून द्यायचं असतंय. कोण दीना. म्हणून तोंड पाडून बसल्यात."

"कोणच दीना व्हय?"

"कोणच न्हाई."

"बरं," उदयसिंह म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनदा लावला तर बायकोनं घेतला. "ते रानात हायती, लई गडबडीत हायती," म्हणाली.

चार पस्तीसला विमान आलं.

आधी फक्त एक ठिपका होता, होटगीच्या बाजूला, धुरकट आभाळात. मग त्याला पंख फुटले. मग दोन पंखे दिसले, गरगरणारे, उन्हात सोन्याच्या ताटल्यांसारखे. ते खाली आलं, धावपट्टीला टेकलं आणि धावत धावत येऊन थेट काचेपुढं वळलं. वर्कशॉपात जोतीरामांनी इंजिनं सुटी झालेली आणि पुन्हा जोडलेली पाहिली होती. एवढं वजन उचलायला केवढी क्रेन लागते ते त्यांना माहीत होतं. हे स्वतःच स्वतःला उचलून मुंबईहून घेऊन आलं होतं. ते काचेपाशी कधी गेले त्यांना कळलं नाही. हात आपोआप जोडले गेले होते. त्यांनी ते पाठीमागं नेले.

"ऑपरेशनचा माणूस चालत उतरला की," काचेबाहेर रुद्राणी रडवेली होऊन म्हणत होती. गणवेशातल्या वैमानिकाकडं बघून नऊ जण टाळ्या वाजवत होते. वैमानिकाला काही समजेना. त्यानंही हात केला.

चार पन्नासला दार उघडलं. रांग लागली आणि विजयमालाबाई रांगेत उभ्या राहिल्या. जोतीराम काउंटरकडं गेले.

"मॅडम, शेवटचं विचारतो. पोच द्या, नाहीतर मी इथनं हलत नाही."

"सर, विमान आलंय. तुम्ही बसा ना."

"विमान आलं म्हणून उशीर झाला नाही असं होत नाही. चार तासांवर झालेत. वर्कशॉपात चार तास उशिरा आलेल्याला अर्धा दिवस गैरहजर मांडायचो मी. ह्यांना कोण मांडणार?"

उर्वीनं दाराशी लागलेल्या रांगेकडं बोट केलं.

मागनं विजयमालाबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"अहो. मला पाच वाजता दिसणार हाय ते साडेपाचला दिसणार न्हाई. तुमाला कागदाची पोच कळती. माणसाची पोच हाय का जरा?"

एवढं बोलून त्या वळल्या, दारातनं बाहेर पडल्या आणि उन्हातनं विमानाकडं चालायला लागल्या. एका हातात पर्स, एका हातात रिकामा डबा. छत्तीस वर्षं त्या जोतीरामांच्या मागं चार पावलं चालत आल्या होत्या, कारण जोतीरामांना नेहमी कुठलीतरी गाडी गाठायची असायची. आज त्या पुढं होत्या, आणि मागं वळून बघत नव्हत्या.

जोतीरामांनी घड्याळ पाहिलं. चार सत्तावन्न. सहा पन्नासला निवड प्रवाशाची होणार होती, पण ती आत्ताच करायची वेळ आली होती. त्यांनी अर्जाच्या दोन्ही प्रती घडी करून खिशात घातल्या. आणि मग कुर्डुवाडी वर्कशॉपचे निवृत्त टाइमकीपर धावले. भोंगा झाल्यावर फाटकाकडं धावणाऱ्या माणसांना ते बत्तीस वर्षं हसत आले होते. काचेबाहेरच्या नऊ जणांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

*

विमान सुटलं पाच वाजून पाच मिनिटांनी. आधी सगळं धडधडलं, मग धडधड एकदम थांबली आणि खिडकीखालची जमीन सुटली. विजयमालाबाईंनी नवऱ्याचं मनगट पकडलं, नेमकं घड्याळावर. जोतीरामांना वेळ दिसेना आणि त्यांनी हात सोडवूनही घेतला नाही.

खाली सोलापूर तिरकं झालं. सिद्धेश्वराचं तळं आरशाच्या तुकड्यासारखं चमकलं, मधे देऊळ, बोटानं उचलावं एवढं. मग गिरण्यांच्या जुन्या चिमण्या, मग घरं संपली आणि रानं सुरू झाली. हिरवी, पिवळी, काळी, एकाला एक शिवलेली. कालव्याचं पाणी मधनं दोरा ओवल्यासारखं. ह्या जिल्ह्यात दोघांचा जन्म गेला होता. एसटीच्या खिडकीतनं, बैलगाडीतनं, पायी, कितीदा तुडवला होता. तो इतका देखणा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"सहा चादरी हायत्या," विजयमालाबाई काचेला नाक लावून म्हणाल्या. "तांबड्या-पांढऱ्या. ध्यान ठिवा."

जोतीरामांनी खाली पाहिलं. ह्या उंचीवरनं ऊस वाहणारी ट्रॉली मुंगीएवढी दिसत होती. सहा चादरी म्हणजे काहीच नाही. हे फूटपट्टी ठेवताना सुचायला हवं होतं. चार तास थांबून, धावून, हिला आता काहीच दिसणार नाही, आणि अर्धं मिनिट निघून जाईल.

आणि तेवढ्यात डाव्या अंगाला, ओढ्याच्या वळणाजवळ, एक काळं रान आलं. त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

दोघंही खिडकीवर वाकले. अक्षरं मोठी, निळ्या ताडपत्रीची, पांढऱ्या धोतरांची, तांबड्या चादरींची, पिवळ्या नेसूच्या लुगड्यांची. उतरतं ऊन त्यांच्यावर आडवं पडलं होतं.

"पाच," विजयमालाबाईंनी वाचलं. "पाच कशाला लिवलंय?"

"वेळ असेल," जोतीराम म्हणाले. "पाच वाजलेत." पण ते डोळे बारीक करून बघत होते. पहिल्या अक्षराच्या काठीवर, डोक्यावर, आणखी एक बारीक काळसर रेघ होती. तिरकी. ती चादरीची नव्हती. आणि ती वळवळत होती.

"मात्रा आहे ती," ते हळूच म्हणाले.

पोच.

सबंध शिवार भरून. सही नव्हती, तारीख नव्हती, पण एवढ्या मोठ्या अक्षरातली पोच भारत सरकारच्या कुठल्याही कार्यालयानं आजवर दिली नसेल. विजयमालाबाईंच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या. वैमानिकानं काय केलं देव जाणे, पण विमान किंचित डावीकडं कललं आणि ते रान खिडकीत तसंच थांबून राहिलं. अर्धं मिनिट झालं असेल, की दीड. जोतीराम आयुष्यात पहिल्यांदाच ते सांगू शकणार नव्हते.

मुंबईला उतरल्या उतरल्या फोन वाजला.

"आक्का, दिसलं का?"

"दिसलं रं उदा. समदं दिसलं."

"दाजींना दे." जोतीरामांनी फोन घेतला. "दाजी, सहा चादरीत काय व्हनार? पर तुमी चार तास दिलासा की. मंग गावभर फिरलो, ज्याच्या घरात जे व्हतं ते आणलं. येळेवर आला असता तर काय बी दिसलं नसतं बगा. मात्रा दिसली का?"

"दिसली. हलत होती."

"हलणारच की. कापड सपलं. शेवटाला माणसं झोपवली. सरपंच व्हते त्यात, त्यांना मुंग्या चावल्या."

फोन ठेवून जोतीराम सामानाच्या पट्ट्यापाशी बाकावर बसले. त्यांनी खिशातनं अर्ज काढला. कारण लेखी द्यावं, हातातलं की हाताबाहेरचं ते स्पष्ट करावं. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि त्याच्या पुढं कंसात 'हाताबाहेरचं' असं लिहिलं. मग दुसऱ्या प्रतीच्या खाली, सहीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत, टाइमकीपरच्या वळणदार अक्षरात नोंद केली:

'पोच मिळाली. मौजे करकंब, ओढ्याकडचे रान.'

वेळेच्या रकान्याशी पेन्सिल थांबली. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"किती वाजले होते गं तेव्हा?"

"मला काय ठावं," विजयमालाबाई म्हणाल्या. "घड्याळ तर मी धरून ठिवलं हुतं."

जोतीरामांनी थोडा विचार केला, आणि रकाना मोकळा सोडला.